कॅसेटवरून एमपी३ केलं, आता एडिट करताना आवाज बिघडतोय. मूळ प्रत कशात ठेवावी?

लष्करकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरला लष्कर भागात आमचा जुना वाडा आहे, तो आता पाडायचं चाललंय. माळा रिकामा करताना आत्याच्या गाण्याच्या कॅसेटी निघाल्या, बुटांच्या खोक्यांत भरलेल्या, बहुतेक सी-९०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटांच्या. आत्या माधव संगीत महाविद्यालयात शिकली. बाहेर फारशी गायली नाही, पण गल्लीच्या गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या मंगळागौरीला हटकून गायची आणि काका समोर टेप घेऊन बसायचे. तबला, पेटी, मागून पोरांचा दंगा, मध्येच काकांचं "थांब गं, बाजू पलटतो", सगळं त्यात आहे.

घाईघाईत खोकी एका दुकानात नेऊन दिली. त्यांनी पेनड्राइव्हवर १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ करून दिल्या. नुसतं ऐकायला ठीक वाटत होतं. मग पुतण्याने त्या ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) घेतल्या, टेपची सरसर काढली, आवाज चढवला, तुकडे जोडले आणि परत एमपी३ केलं. आता आत्या चूळ भरता भरता गातेय असं वाटतं. तंबोऱ्याची तर दशाच झालीय. पुतण्या म्हणाला, "३२० वर सेव्ह करतो, क्वालिटी वाढेल." फाइल अडीचपट झाली, आवाज जिथल्या तिथे.

कॅसेटी परत मिळाल्यात आणि शाबूत आहेत. सगळं पुन्हा उतरवून घ्यायचं का? आणि घ्यायचं तर कशात? कुणी वेव्ह (न दाबलेली फाइल) म्हणतं, कुणी फ्लॅक (काही न टाकता लहान केलेली), एकाने तर २४ बिट ९६ किलोहर्ट्झशिवाय हात लावू नका म्हणून सांगितलं. जागा किती खाणार हे?

अर्धमात्रा

पुन्हा उतरवा. डोळे मिटून. पुढचे प्रतिसाद येतीलच, पण त्या १२८ वर आणखी एक तासही घालवू नका.

बिटबाइट

अर्धमात्रांशी सहमत. का ते जरा सविस्तर लिहितो, पुतण्यालाही वाचायला द्या.

एमपी३ आवाजाचे बारीक तुकडे पाडतं. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापं (नमुने) घेतली तर, एका तुकड्यात (फ्रेममध्ये) ११५२ नमुने, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंद. प्रत्येक वेळी ते अंदाज बांधतं की या मोठ्या सुराच्या आड कोणता बारीक आवाज कानाला लागणार नाही. तो भाग मग ढोबळ आकड्यांत लिहिला जातो, नाहीतर सोडूनच दिला जातो. ढोबळपणामुळे जी खरखर तयार होते तीही त्या मोठ्या सुराच्या आड दडवलेली असते. म्हणून नुसतं ऐकताना ती कळत नाही.

एडिट करताना तुम्ही नेमका तो आडोसाच हलवता. ट्रेबल चढवला, सरसर काढली, हळू जागा मोठ्या केल्या, की दडवलेलं उघडं पडतं. वर पुन्हा एमपी३ केलं की एन्कोडरला काय माहीत, यातलं गाणं कुठलं आणि मागच्या वेळची खरखर कुठली? तो दोन्ही इमानाने जपायला जातो आणि त्यात नवी भर घालतो. ३२० ने एवढंच झालं की १२८ ची बिघडलेली प्रत जास्त नेटकेपणाने जपली गेली. गेलेलं परत येत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक लोचा आहे, टेपची सरसर. सुरेल आवाज थोडक्या आकड्यांत मांडता येतो, सरसरीत काही नियमच नसतो, त्यामुळे ती एन्कोडरला फार महाग पडते. १२८ म्हणजे सेकंदाला ठरलेला कोटा. त्यातले बरेच बिट सरसरीने खाल्ले, आत्यासाठी कमी उरले. आणि ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन चालतं ते 'सरसर सगळीकडे सारखी आहे' या भरवशावर. कॅसेटवर ती साधारण सारखी असतेही. एमपी३ झाल्यावर मात्र ती कधी या पट्ट्यात असते, कधी गायब, कधी त्या पट्ट्यात. सरसरीचा मासला घेतलात एका जागेचा आणि लावलात सगळ्या गाण्याला, की उरलेल्या ठिपक्यांची चिवचिव ऐकू येणारच. पुतण्याचा दोष नाही. चुकीच्या मालावर बरोबर काम केलंय त्याने.

शंकेखोर

पटलं. पण २४/९६ हे जरा अतीच होतं बरं का. कॅसेटवर सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर मोजलं तर ५०-६० डेसिबल, १६ बिटमध्ये (बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने लिहायचा ते) ९६ मावतं. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या वर जात नाही, ४४.१ ने २२ पर्यंतचं येतं. काकांचा टेप बहुधा त्याच्या निम्म्यातच दमत असेल. मग सीडीच्या दर्जाचं वेव्ह घ्या आणि मोकळे व्हा. पोरांच्या दंग्याला ९६ किलोहर्ट्झ कशाला?

बिटबाइट

@शंकेखोर, ऐकण्यापुरतं शंभर टक्के बरोबर. २४ बिट घ्यायचे ते कॅसेटमध्ये तेवढा माल आहे म्हणून नाही, रेकॉर्ड करताना हात सैल ठेवता येतो म्हणून. १६ बिटमध्ये लोक पातळी अगदी काठाशी नेतात आणि एखादी तान किंवा टाळ्या आल्या की वरचं टोक कापलं जातं. कापलं ते गेलं. २४ मध्ये कळस उणे १०-१२ डेसिबलवर (शून्य ही वरची मर्यादा) ठेवला तरी खाली भरपूर जागा उरते. एडिट करताना ऑडॅसिटी आतून ३२ बिट फ्लोटमध्येच काम करते, तिथे मध्येच पातळी शून्याच्या वर गेली तरी खाली आणता येते. शेवटी १६ वर उतरवताना डिदर (आकडे ढोबळ होताना मुद्दाम मिसळलेली अगदी बारीक खरखर) चालू ठेवा, झालं.

९६ बद्दल: ध्वनिसंग्रहालयांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयएएसए, तिची शिफारस जुन्या टेपांसाठी किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी आहे आणि जमल्यास ९६. घरच्या कॅसेटींना ४८/२४ भरपूर झालं, हे माझं मत.

जागेचं गणित बघा. ४८/२४ स्टिरिओ मिनिटाला १७ एमबीच्या थोडं वर, म्हणजे एक सी-९० साधारण दीड जीबी. तीच सीडीच्या दर्जाने साडेनऊशे एमबी, १२८ च्या एमपी३ मध्ये ८६ एमबी. दुकानदाराने वाचवली ती एवढी जागा. आज एक टीबीच्या डिस्कवर दीड जीबीच्या सहाशेवर कॅसेटी मावतात. लष्करकर, तुमच्याकडे सहाशे आहेत का?

९६/२४ ला सगळं दुप्पट. तिथे एक खड्डा आहे तो सांगून ठेवतो. साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, त्यामुळे लांबलचक स्पूल एका दमात उतरवायला गेलात तर दोन तासांच्या आसपास काही सॉफ्टवेअरं गोंधळतात. बाजूगणिक वेगळी फाइल करा.

लष्करकर

सहाशे नाहीत हो. दोन खोकी आणि एक वर.

इंदूरी जिरावण

मधेच विचारतेय, रागावू नका. ऑडॅसिटीत 'कॉम्प्रेसर' म्हणून इफेक्ट आहे. मी आमच्या मंडळाच्या भजनाला तो लावला, फाइल तेवढीच राहिली. उलट भजन सुरू होण्याआधीचा पंखा आणि खोकले मोठे झाले! राजवाड्याजवळ रेकॉर्डिंग केलं होतं, बाहेरचे हॉर्नसुद्धा आत आले.

अर्धमात्रा

ताई, त्याचा फाइलच्या आकाराशी संबंध नाही. तो मोठा आवाज दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो, म्हणजे हळू-मोठ्यातलं अंतर कमी होतं. निवेदनाला ठीक. ख्याल-ठुमरीला लावू नका, गाणाऱ्याने मुद्दाम हळू घेतलेली जागा मोठी होऊन बसते. फाइल लहान होते ती एक्स्पोर्ट करताना तुम्ही काय निवडता त्याने.

स्पूलवाला

आकडे झाले असतील तर जरा डेककडे येऊ या का? सगळे बिट-बिट करताहेत आणि हेडवर पंधरा वर्षांची काजळी बसलेली आहे.

लष्करकर, पहिलं काम: आयसोप्रोपाइल अल्कोहोल, कापसाची काडी, हेड (टेप वाचतं ते) आणि कॅपस्टन (टेप ओढणारा बारीक दांडा) पुसा. रबराच्या पिंच रोलरला अल्कोहोल बेताने. कॅसेट लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात माळ्यावर काय तापतं ते मला सांगायला नको, टेप आतल्या आत चिकटलेली असते, ती एकदम ओढली तर सुरकुतते.

दुसरं, अ‍ॅझिमथ. हेडच्या बाजूला छोटा स्क्रू असतो, हेडचा तिरपेपणा त्याने बदलतो. काकांच्या टेपचं हेड ज्या कोनात होतं त्या कोनात तुमच्या डेकचं नसेल तर वरचे सूर जातात, आवाज दबलेला येतो. तो तुम्ही नंतर ट्रेबल चढवून आणायला जाल आणि सोबत सगळी सरसर वर येईल. त्यापेक्षा कॅसेट चालू ठेवून, ऐकणं मोनो करून, तो स्क्रू अगदी केसभर फिरवा. 'स' आणि 'श' जिथे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला वेगळं लागू शकतं. घरचा रेकॉर्डर मोनो असला तरी उतरवताना दोन्ही चॅनल घ्या. ते एकत्र करायची घाई नको, कारण कोन चुकलेला असताना दोन चॅनल मिसळले की वरचे सूर एकमेकांना खातात. नंतर सावकाश ऐकून जो चॅनल बरा तो ठेवता येतो.

तिसरं, वायर लाइन-आउटमधून काढा, हेडफोनच्या भोकातून नको. आणि लॅपटॉपच्या माइकच्या भोकात मुळीच घालू नका. साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, लाइन-इन असलेला.

एवढं नीट केलंत तर १६ की २४ ही भांडणं करायला तुम्हाला वेळ आहे.

शंकेखोर

स्पूलवाले काका, +१. मला हेच म्हणायचं होतं, पण एवढं येत नव्हतं.

बडोदेकर

आम्ही बडोद्यात कीर्तनांचं रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो, ६४ केबीपीएस मोनो. आजपर्यंत एकाही श्रोत्याची तक्रार नाही. दीड जीबीची फाइल कोण डाउनलोड करणार आहे? आत्याचं गाणं नातेवाइकांनी ऐकावं हा हेतू आहे की डिस्कमध्ये पुरून ठेवावं हा?

बिटबाइट

@बडोदेकर, तुमचं ६४ मोनो अजिबात वाईट नाही. एकाच चॅनलला ६४ म्हणजे जवळजवळ १२८ स्टिरिओएवढाच वाटा. बोलण्याला तर ओपस (एमपी३सारखाच आवाज दाबायचा नवा प्रकार) त्याच्या निम्म्यातही सुरेख चालतं. ओपस २०१२ पासून प्रमाणित आहे, व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट त्यातच असते. वाटण्यासाठी लहान फाइल हवीच. फक्त ती एडिट संपल्यावर, मूळ प्रतीवरून, एकदाच बनवायची. पुढच्या वर्षी काही बदलावंसं वाटलं तर त्या लहान फाइलला हात लावायचा नाही, परत मोठीकडे जायचं.

पुरून ठेवण्यासाठी फ्लॅक घ्या. तिथे काहीच टाकलं जात नाही, उघडल्यावर बिटन्‌बिट तोच. साधारण वेव्हच्या निम्मं ते दोन तृतीयांश होतं. सरसर जास्त असेल तर बचत कमी. शिवाय त्यात नाव, राग, साल लिहून ठेवता येतं आणि फाइल कुठे खराब झाली तर तपासणीत कळतं. त्यात ० ते ८ असे आकडे दिसतील, ते फक्त संगणकाने किती कष्ट घ्यायचे याचे आहेत. आवाज सगळ्यांत एकच.

पुतण्याच बोलतोय

काकांनी धागा वाचायला दिला. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, ८६ एमबीची एमपी३ उघडली तर ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट दोन जीबीच्या आसपास गेला. मग तिथे मूळ दर्जा परत आला असं का नाही? दोन, १२८ आणि वेव्हमधला फरक प्रत्यक्ष कसा ऐकायचा? सगळे म्हणतात फरक आहे, मला काही गाण्यांत खरंच कळत नाही.

बिटबाइट

शाब्बास, हे विचारलंस ते बरं केलंस.

एमपी३ उघडल्यावर ऑडॅसिटी तिचे सगळे नमुने मोकळे करून ३२ बिटमध्ये मांडते. ४४.१ स्टिरिओला मिनिटाला २१ एमबी, ९० मिनिटांचे एकोणीसशे. जागा मोठी झाली, आतला माल तोच. मात्र एक फायदा घे: एडिट चालू असताना रोज एमपी३ एक्स्पोर्ट करून रोज तीच उघडायची नाही. प्रोजेक्टच सेव्ह करत जा. मोकळ्या नमुन्यांवर कितीही वेळा सेव्ह केलंस तरी झीज नाही.

फरक ऐकायला: नव्याने उतरवलेलं वेव्ह घे, त्याचीच १२८ एमपी३ कर, दोन्ही एका प्रोजेक्टमध्ये आण. एमपी३ च्या सुरुवातीला एन्कोडर थोडी शांतता चिकटवतो. काही सॉफ्टवेअरं ती आपोआप काढतात, काही नाही. म्हणून झूम करून तबल्याचा एखादा ठोका अगदी नमुन्याला नमुना जुळव. मग एका ट्रॅकला 'इन्व्हर्ट' (लहर उलटी करणारा इफेक्ट) लाव आणि दोन्ही एकत्र वाजव. सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकतं, फरक तेवढा उरतो. त्यात 'स'चे फुत्कार, झांजा आणि तबल्याच्या चाटीचं टोक ऐकू येईल. पण ते ऐकून घाबरू नकोस. उरलेलं सगळं एरवी कानाला लागतंच असं नाही, गाण्याच्या आड ते दडावं हाच तर बेत असतो.

कानाची परीक्षा घ्यायची तर तबल्यावर घे. ठोका हा अचानक येतो आणि एमपी३ चा ढोबळपणा त्या तुकड्यात सगळीकडे पसरतो, ठोक्याच्या थोडा आधीसुद्धा. 'ता'ची धार बोथट होते. आणि ब्लूटूथवर ऐकून काही ठरवू नकोस, तिथे वाटेत आणखी एकदा दाबादाबी होते. वायरचा हेडफोन लाव.

पेटीमास्तर

उशिरा आलो. ५० हर्ट्झच्या गुणगुणीचा विषय कुणी काढला नाही, म्हणून लिहितो. लष्करात जुन्या घरांतलं अर्थिंग सगळ्यांना माहीत आहे. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, निम्म्या वेळा गुणगुण तिथेच जाते. कॅसेटमध्येच असेल तर फिल्टर लागेल, ५०, १०० आणि १५० वर.

पण आत्याची पट्टी काय होती? बायकांची काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून) असते बऱ्याचदा. काळी चारचा खर्ज १०४ हर्ट्झच्या जवळ येतो. तुम्ही १०० वर रुंद फिल्टर मारलात की तंबोऱ्याची चौथी तार गायब. मग "तंबोरा कुठे गेला" म्हणून इथे नवा धागा काढाल. फिल्टर अगदी अरुंद ठेवा, ५० आणि १५० खुशाल कापा, १०० ला शक्यतो हात लावू नका.

जोडकामाबद्दलही. ज्या कॅसेटी पुन्हा उतरणारच नाहीत, फक्त एमपी३ उरली आहे, त्यांचं पुढचं-मागचं कापायचं तर एमपीथ्रीडायरेक्टकटसारखं साधन वापरा. ते पुन्हा एन्कोड न करता फ्रेमच्या सीमेवर कापतं. निवेदन उडवायला झकास. द्रुत तीनतालाच्या मध्यात मात्र नको: मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर मात्रा २५० मिलिसेकंदांची, आणि फ्रेम २६ ची. मात्रेचा दहावा हिस्सा इकडेतिकडे झाला की तबलजी अडखळल्यासारखा वाटतो. अशी जागा मोकळ्या नमुन्यांवरच कापावी, समेच्या ठोक्याच्या किंचित आधी, आणि काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा मावळत दुसरा उगवतो तो) द्यावा. तंबोरा मागे सलग चालू असतो, तो सांधा लगेच उघडा पाडतो.

इंदूरी जिरावण

वाचनखूण साठवली. एमपी३ बंद झालं म्हणे २०१७ मध्ये? आमच्या ग्रुपवर मेसेज आला होता.

अर्धमात्रा

बंद नाही ताई, पेटंटं संपली. एमपी३ घडवणाऱ्या फ्राउनहोफर संस्थेने परवान्यांचा कार्यक्रम थांबवला, त्याची बातमी 'एमपी३ वारलं' अशी फिरली. उलट आता ते कुणीही फुकट वापरावं. गाडीतल्या जुन्या प्लेयरला दुसरं काही कळतही नाही.

लष्करकर

अपडेट देतो. पहिली कॅसेट पुन्हा उतरवली, ४८/२४. स्पूलवाले काकांचा स्क्रूचा सल्ला सोन्यासारखा निघाला. केसभरच फिरवला आणि पेटीच्या भात्याचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला. दुकानाच्या एमपी३ मध्ये तो नव्हताच. पट्टी काळी चारच आहे, पेटीमास्तर! वेव्ह दीड जीबी, फ्लॅक ९६० एमबी. सरसर मी काढणारच नाही म्हणतोय, फार तर थोडी कमी करू. पुतण्याचं आणि माझं यावर जमत नाही.

बाकी, एका कॅसेटवर बाजू 'ब' ला गाणं संपल्यावर वीसेक मिनिटं नुसत्या गप्पा आहेत. त्या कापाव्या का?

स्पूलवाला

मूळ प्रतीतून काहीही कापू नका. गप्पा, खोकले, पलटणं, सगळं राहू द्या. कापाकापी दुसऱ्या प्रतीवर. सरसरीचंही तेच: मूळ प्रतीत आहे तशी, वाटायच्या प्रतीत पुतण्याच्या मनासारखी, मग भांडणाचं कारण उरत नाही. आणि एक प्रत दुसऱ्या घरी, वाडा पाडताना डिस्क त्याच खोलीत नको.

बडोदेकर

गप्पांचं ६४ मोनो करून इथे द्या की. ऐकू.

लष्करकर

@बडोदेकर, त्यात आमच्या दोन मावश्यांची नावं घेऊन चर्चा आहे. दोघी व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत.